घरातील केरकचरा आणि त्याच्या विल्हेवाटीचा खर्च

(जव्हार व मोखाडा तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषा, गणित आणि पटनोंदणी हे आपल्या परिषदेचे नेहमीचे विषय होत. आज त्यांऐवजी केरकचऱ्यावर बोलावयाचे असे ठरले, तेव्हा प्रथम मलाही थोडे नवल वाटले. परंतु या दोन तालुक्यांतील शाळांना भेटी देताना जे वारंवार दृष्टीस पडले ते आठवले, आणि हा विषय आपलाच आहे अशी माझी खात्री झाली. शाळेचे पुढले आवार झाडून लख्ख केलेले असते. ओसरीवर चपला ओळीने मांडलेल्या असतात. इमारतीला वळसा घालून मागे गेले की मात्र एक काळा पडलेला खड्डा दिसतो. वह्यांची पाने, खाऊच्या चकचकीत पुड्या, तेलाच्या पिशव्या असे सारे त्यात अर्धवट जळून वितळलेले असते. कधी कधी तर त्याचा धूर पहिलीच्या वर्गात शिरत असतो. मुख्याध्यापकांना विचारावे, तर ते म्हणतात, "साहेब, जाळू नये हे आम्हांला कळते, पण मग टाकावा कुठे?"

हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत. हा कचरा इतका झाला कशाने, आणि तो उचलून नेऊन नीट मार्गी लावण्याचा खर्च कोणी सोसावा? जव्हारला १९१८ सालापासून नगरपरिषद आहे. मोखाड्यास आता नगरपंचायत आहे. बाकी सारा मुलूख ग्रामपंचायतींचा, आणि पेसा कायद्यान्वये तेथे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. या सर्व ठिकाणी हे दोन प्रश्न आज ना उद्या उभे राहणार. काही ठिकाणी ते उभे राहिलेही आहेत. अशा वेळी गावातील शिकलेले माणूस म्हणून लोक आपल्याकडे पाहतात. त्यांना आपण काय सांगणार, याचा विचार आधीच केलेला बरा.

आपल्या भागातील जुन्या घरात कचरा नावाची वस्तू जवळजवळ नव्हतीच. कारवीचा कूड, शेणाने सारवलेली भुई, वर पेंढ्याचे किंवा कौलाचे छप्पर. असे घर पडले तरी त्याचा बहुतेक भाग मातीतच मिसळे. भाताचा कोंडा कोंबड्यांना, शिळेपाके गुरांना, चुलीतील राख भांडी घासावयास, गोठ्यातला केर उकिरड्यावर, आणि पालापाचोळा पावसाळ्यापूर्वी राबावर. पळसाच्या पानांवर जेवण झाले की पत्रावळीची चिंता कोणी करीत नसे. 'केर' म्हणजे माती आणि पाला एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता, आणि दोहोंनाही घराबाहेर आपापली जागा होती.

तो काळ सुखाचा होता असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ज्या घरातून काही टाकले जात नव्हते, त्या घरात पुष्कळदा टाकण्याजोगे काही नसेच. हा भेद नीट ध्यानात न घेतल्यामुळे माझ्या हातून एकदा जी चूक झाली ती येथे सांगतो, कारण आपणांपैकी काहींच्या हातून ती पुढे होण्याचा संभव आहे.

मी तेव्हा वर्गशिक्षक होतो. परिसर अभ्यासाचा भाग म्हणून पाचवीच्या मुलांना मी सांगितले, की आठवडाभरात आपल्या घरी जो सुका कचरा निघेल तो एका पिशवीत साठवून आणा. आपण वजन करू आणि तक्ता मांडू. ठरल्या दिवशी मुले पिशव्या घेऊन आली. दुकानदाराच्या मुलाने दोन फुगलेल्या पिशव्या आणल्या आणि तो मोठ्या ऐटीत रांगेत उभा राहिला. नोकरदारांच्या मुलांच्या पिशव्याही बऱ्याच भरलेल्या होत्या. अगदी शेवटच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने मात्र रिकामी पिशवी आणली होती. ती नीट घडी घालून तिने माझ्या हातात दिली. मी सर्वांदेखत तिला म्हणालो, "सांगितलेले काम केले नाहीस." हजेरीपुस्तकाशेजारच्या वहीत तिच्या नावापुढे शून्य लिहिले. ती काही बोलली नाही.

पुढे पटनोंदणीच्या निमित्ताने मी त्या पाड्यावर गेलो. तिच्या घरी मिठाची रिकामी पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातली होती. तीत वालाचे बी ठेवावयाचे होते. तेलाच्या रिकाम्या बाटलीतून ती मुलगी शाळेत पाणी आणीत असे, हे तर मी रोज पाहत होतो. आणि ज्या आठवड्याचा कचरा मी मागितला होता, त्या आठवड्यात त्या घरातून कोणी बाजारास गेलेच नव्हते. तिने काम केले होते. शून्य हे तिच्या घरचे खरे मोजमाप होते, आणि मी ते गुण म्हणून लिहून ठेविले होते.

असो. आता कचरा कमी-अधिक कशाने होतो ते पाहू. सर्वांत मोठे कारण मिळकत हे होय. जागतिक बँकेने २०१८ साली जगभरच्या कचऱ्याचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात २०१६ सालचा जगाचा एकूण कचरा सुमारे २०१ कोटी टन आणि दरडोई सरासरी रोज ७४० ग्रॅम धरली आहे. जगाच्या लोकसंख्येत सधन देशांचा वाटा अवघा १६ टक्के. कचऱ्यात मात्र तो ३४ टक्के. जे देशादेशांत, तेच गावागावांत आणि एकाच गावच्या घराघरांत. आपल्याकडे केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत दोन लाखांहून कमी वस्तीच्या शहरांसाठी दरडोई रोज २०० ते ३०० ग्रॅम असा अंदाज दिला आहे, आणि दहा लाखांपुढील शहरांसाठी ४०० ते ६०० ग्रॅम. २०११ च्या जनगणनेत जव्हार शहराची वस्ती सुमारे बारा हजार होती. २५० ग्रॅमचा मध्यम आकडा घेतला, तर तेवढ्या वस्तीचा कचरा दिवसाला तीन टन होतो. ही त्रैराशिकाची बाब आहे, प्रत्यक्ष तोललेला आकडा नव्हे. पण सातवीच्या मुलांना हे गणित घालावयास हरकत नाही. पाच माणसांच्या घराचा महिन्याचा कचरा याच मापाने साडेसदतीस किलो भरतो. भाताच्या एका गोणीइतके वजन घरातून महिन्याला बाहेर पडते असे सांगितले, की मुलांस ते चटकन समजते.

पण मिळकत वाढली म्हणजे कचरा वाढतो, एवढ्यावर थांबलो तर आपल्या तालुक्यांची खरी स्थिती निसटून जाईल. येथे रोजावर जगणारा माणूस महिन्याचा बाजार एकदम भरू शकत नाही. तो तेल लहान पिशवीत घेतो, साबणाचा चुरा, शाम्पू, चहाची भुकटी एकेका पुडीत घेतो. मोठ्या बाटलीतील वस्तू स्वस्त पडते हे त्यालाही कळते, परंतु त्या दिवशी खिशात तेवढेच पैसे असतात. त्यामुळे वस्तू थोडी आणि वेष्टन फार, असा हा व्यवहार होतो. त्याच्या घरचा कचरा वजनाने अगदी हलका असतो. पण त्या हलक्या कचऱ्यातील प्रत्येक पुडी अशी असते, की जी भंगारवाला घेत नाही, गाय खाऊ नये ती खाते, आणि माती जिला पचवू शकत नाही. अनेक थर चिकटवून केलेल्या या चकचकीत पुड्यांची जबाबदारी त्या तयार करणाऱ्या कारखानदारांनीही घ्यावी, असे बंधन केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी घातले आहे. खोडाळ्याच्या पुढच्या पाड्यावर त्या बंधनाचा उपयोग होण्यास अजून पुष्कळ वाट चालावी लागेल.

घरातील माणसांच्या संख्येचा परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. माणसे वाढली की कचरा वाढतो खरा, पण त्या प्रमाणात नाही. एकत्र स्वयंपाकात एक पिशवी आठ जणांस पुरते, विभक्त घरात तीच दोघांसाठी फोडावी लागते. बाजारापासून अंतर हे दुसरे कारण. डांबरी रस्ता पाड्यापर्यंत पोचला की त्या मागोमाग टपरी येते आणि टपरीमागोमाग पुड्या येतात. रस्ता नको असे कोणी म्हणणार नाही. बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागण्यापेक्षा रस्ता शतपटीने बरा. पण रस्त्याबरोबर कचरा नेणारी गाडीही आली पाहिजे, हे अंदाजपत्रक करताना कोणाच्या ध्यानी राहत नाही.

ऋतूंचाही संबंध आहेच. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. पावसाळ्यात ओला कचरा जड होतो, सुकत नाही, आणि उघड्यावरचा सारा केर ओहोळांतून नदीत जातो. लग्नसराईत जेवणावळींच्या पत्रावळ्या, पेले यांचा ढीग पडतो. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी घातली आहे, तरीही मांडवामागे त्या सापडतात. आणि दिवाळी आटोपली, की आपली कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर वसई, भिवंडी, कल्याणकडे जातात. चार-पाच महिने घराला कुलूप. त्या घराचा कचरा त्या काळात शून्य. हा मुद्दा पुढे पैशाच्या हिशेबात पुन्हा येईल.

शिक्षणाने कचरा कमी होतो काय? तशी आपली, शिक्षकांची, एक गोड समजूत आहे. शिकलेले घर कचरा वेगळा करण्यास लवकर तयार होईल, घातक वस्तू कोणती ते ओळखील. पण ते कमी कचरा करीलच असे नाही. बहुधा अधिकच करील, कारण शिक्षणाबरोबर नोकरी येते आणि नोकरीबरोबर वेष्टने. आजच्या या परिषदेतील चहाचे पेले आणि पाण्याच्या बाटल्या कोठे जातात ते आपण जाण्यापूर्वी पाहावे. मी संयोजकांना दोष देत नाही. पुढल्या खेपेस प्रत्येकाने आपला पेला आणावा असे परिपत्रक काढण्याचा विचार मात्र आहे.

आता खर्चाकडे वळतो. कचऱ्याच्या कामाचे दोन भाग असतात: दारातून उचलणे, आणि उचलल्यावर त्याचे योग्य ते करणे. लोक पहिल्याचे पैसे द्यावयास तयार होतात, दुसऱ्याचे नाही. याचे कारण सोपे आहे. दारातील घाण डोळ्यांस दिसते, नाकास जाणवते. ती गावाबाहेर कोठल्या दरीत ओतली गेली हे कोणास दिसत नाही. म्हणून गाडी आली, नेले, एवढ्यावर गाव समाधानी असते. पुढचे वर्गीकरण, खत, प्लास्टिकची विल्हेवाट यांचाही खर्च असतो, आणि नेमका तोच मागताना सरपंचांची जीभ अडखळते.

मुलांसाठी एक उदाहरण करून पाहू. समजा, एका मोठ्या गावात ४०० घरे आहेत. गाडीचे इंधन, चालकाचे व दोन कामगारांचे वेतन, दुरुस्ती असे मिळून महिन्याला ३०,००० रुपये लागतात. प्रत्येक घराने सारखे दिले तर ७५ रुपये पडतात. आता यांपैकी १०० घरे वर्षातील चार महिने बंद असतात, ५० घरांतून टाकण्याजोगे काहीच निघत नाही, आणि वीस दुकाने, दोन खानावळी व एक आश्रमशाळा मिळून निम्मा कचरा करतात. तर प्रत्येकी ७५ रुपये ही वाटणी न्याय्य आहे काय? या गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी नाही. मोठी मुले यावर चांगली वाद घालतात, हे मी एका वर्गात पाहिले आहे. एका मुलाने सुचविले, की ज्याच्या घरी उकिरडा आहे त्याला सूट द्यावी, कारण त्याचा ओला कचरा गाडीत जातच नाही. हे त्याने कोठे वाचलेले नव्हते.

जगात यावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. दक्षिण कोरियाने १९९५ सालापासून असे ठरविले, की घरांनी कचरा सरकारमान्य विकतच्या पिशव्यांतूनच टाकावा. जितका कचरा अधिक, तितक्या पिशव्या अधिक, आणि तितके पैसे अधिक. कागद-काचेसारखे पुन्हा उपयोगी पडणारे जिन्नस वेगळे दिले तर त्यांचे पैसे नाहीत. तेथे टाकाऊ कचरा कमी झाला. मात्र अशा पद्धतीत एक धोका असतो: पैसे वाचविण्यासाठी लोक चोरून टाकू लागतात किंवा जाळू लागतात. ज्या देशात रस्त्यारस्त्यावर देखरेख आहे तेथे तो आवरता येतो. आपल्या डोंगरांत, जेथे घरामागे लगेच दरी सुरू होते, तेथे वजनावर पैसे घेणे म्हणजे दरीला आमंत्रण देणे होय.

आपल्याच राज्यातील उदाहरणे मला अधिक जवळची वाटतात. पुण्यात कचरावेचक स्त्रियांनी व पुरुषांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली, आणि पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ साली महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम घेतले. घरे दरमहा ठरलेली रक्कम त्यांस देतात, झोपडवस्तीत दर कमी असतो, आणि सुक्या कचऱ्यातील विकण्याजोगा माल विकून आलेले पैसे वेचकांचेच असतात. घरमालकास आपण कोणाला पैसे देतो ते समोर दिसते. ती बाई एक दिवस आली नाही तर तो तिला दुसऱ्या दिवशी विचारू शकतो. कराच्या बिलातील एका ओळीविषयी त्याला अशी विचारपूस करता येत नाही, आणि म्हणूनच ती ओळ भरताना त्याचा हात जड होतो.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेचे. वेंगुर्ल्याची वस्ती २०११ साली जव्हारएवढीच, बारा हजारांच्या आसपास होती, म्हणून ते आपल्याशी ताडून पाहण्यास योग्य. तत्कालीन मुख्याधिकारी श्री. रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने तेथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला. ओल्या कचऱ्यापासून खत व जैववायू, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात उपयोग, काच-पत्रा विक्रीस. जेथे पूर्वी नाक धरून जावे लागे, त्या कचऱ्याच्या जागी लोक पाहावयास येऊ लागले. वेगळा केलेला कचरा हा माल असतो आणि एकत्र कालवलेला कचरा हा खर्च असतो, हे तेथे नगरपरिषदेच्या हिशेबातच दिसून आले.

लोक पैसे देण्यास केव्हा तयार होतात, याविषयी माझे जे निरीक्षण आहे ते थोडक्यात सांगतो. मिळकत असेल तर देतात, हे उघडच. पण मिळकतीहून नियमितपणाला अधिक महत्त्व आहे असे मला वाटते. आठवड्यात ठरल्या वारी गाडी आली, सलग तीन महिने आली, तर गरीब घरही थोडेबहुत देते. आधी पट्टी आणि मागाहून गाडी असा क्रम ठेवला, तर सधन घरही टाळाटाळ करते. आणखी एक गोष्ट. केर काढते घरातील बाई, खड्ड्यापर्यंत नेते मुलगी, आणि पट्टी द्यावयाची की नाही ते ठरवितो पुरुष. ज्याला त्रास होत नाही त्याला विचारून आपण म्हणतो की गाव तयार नाही. म्हणून हा विषय महिला ग्रामसभेत अवश्य निघावा. किशोरवयीन मुलींच्या कपड्यांचा व पॅडचा प्रश्नही तेथेच मोकळेपणाने बोलता येतो. शाळेत तर तो आपण मिटक्या तोंडाने टाळतो, आणि मुली ते सारे ओहोळाकाठी पुरतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीस घरपट्टीखेरीज केर उचलून त्याची विल्हेवाट लावण्यासाठी सामान्य स्वच्छता कर बसविण्याचा अधिकार दिला आहे. शहरांसाठी ८ एप्रिल २०१६ रोजी घनकचरा व्यवस्थापनाचे नियम निघाले. ओला, सुका व घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करावा आणि उपभोक्ता शुल्क द्यावे, असे त्यांनी ठरवून दिले. २०२० साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावास घनकचऱ्याच्या कामासाठी दरडोई ६० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. हा पैसा खड्डे, शेड, हातगाड्या अशा उभारणीचा होता. हजार वस्तीच्या गावाला त्यातून फार तर साठ हजार मिळणार. शेड त्यात होईल. रोज ती उघडणाऱ्या माणसाचे वेतन त्यात बसत नाही. वर्षानुवर्षे लागणारा हा खर्च गावालाच काढावा लागतो, आणि खरी अडचण येथेच आहे.

येथे माझे मत स्पष्टपणे सांगतो. आपण ते मान्य करावेच असे नाही. पाड्यावरच्या घरांवर सरसकट पट्टी बसविणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचा ओला केर उकिरडा व राब सांभाळतो. त्यांच्याकडून गोळा करावयाच्या त्या केवळ पुड्या, पिशव्या, काचा, विजेरीचे संपलेले सेल आणि औषधांच्या बाटल्या. हे कुजत नाही, म्हणून रोज गाडी नको. प्रत्येक घराने एका गोणीत साठवावे आणि महिन्यातून एकदा, बाजाराला जाणाऱ्या जीपवर का होईना, ते केंद्रावर पोचावे. एवढ्या कामाचा खर्च थोडा आहे. त्यात ज्या घरांना पैसा देणे जड आहे त्यांचे श्रमदान धरावे, कुलूप असलेल्या घरांस त्या महिन्यांची सूट असावी, आणि दुकाने, खानावळी, मंगल कार्यालये, वसतिगृहे यांनी आपल्या मापाने द्यावे. दाभोसाच्या धबधब्यावर सुट्टीच्या दिवशी येणारे प्रवासी जे मागे टाकून जातात, त्याचा भार त्या गावच्या घरांवर पडावा हे तर सर्वथा गैर.

याच ओघात आणखी एक विचार मनात येतो. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे धरण आहे, आणि वैतरणेवरील मोडकसागराचे पाणी १९५७ सालापासून मुंबईस जाते. आपल्या डोंगरउतारांवरचा केर पावसात ज्या ओहोळांतून वाहतो, त्यांतील कित्येक ओहोळ त्याच नदीला मिळतात. ज्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्यांनीच दूरच्या शहराचे पाणी स्वच्छ ठेवण्याचा खर्च एकट्याने सोसावा काय? हा प्रश्न ग्रामसभांनी ठरावाच्या रूपाने वर पाठवावयास काहीच हरकत नाही. तो मांडण्यास लागणारी भाषा मात्र त्यांना आपण पुरवू शकतो.

आता शाळेपुरते. आपल्याच जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून जे काम केले, त्यात शिंपले, बिया, पाने, खडे हेच शैक्षणिक साहित्य होते. विकतचे साहित्य नव्हते म्हणून हे वापरले, एवढाच त्याचा अर्थ नाही. मुलाच्या हाताला जे परिचित आहे त्यातून शिकवावे, ही त्यामागील दृष्टी होती. आज आपल्या वर्गांच्या भिंतींवर 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून शीतपेयांच्या बाटल्यांची फुले टांगलेली असतात. ती टांगण्यासाठी बाटल्या विकत आणल्याचेही मी पाहिले आहे. त्यापेक्षा बोहाड्यासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारा कारागीर गावात असेल तर त्यास शाळेत बोलवावे, आणि वह्यांची रद्दी त्याच्या हाती कशी देव-दैत्यांची तोंडे होते ते मुलांना पाहू द्यावे.

पोषण आहाराच्या खोलीतून निघणाऱ्या भाजीच्या देठा-सालींसाठी परसबागेच्या कडेला खड्डा करावा. ओल्या कचऱ्यावर दुप्पट-तिप्पट सुका पाला, वर मूठभर माती किंवा शेण, आठवड्यातून एकदा वरखाली करणे, एवढे पाळले तर दोन-तीन महिन्यांत खत होते. पावसाळ्यात त्यावर छप्पर हवे. नाही तर नुसता चिखल होतो आणि मग लोक म्हणतात की खत होतच नाही. प्लास्टिक मात्र कदापि जाळू नये. त्यातून निघणारे विषारी वायू डोळ्यांना दिसणाऱ्या धुरापेक्षा अधिक घातक असतात, आणि ते प्रथम शिरतात ते खड्ड्याजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या छातीत. ज्या शाळांमागे जळका खड्डा आहे, तो त्यांनी या महिन्याअखेर बुजवावा. गोणी ठेवण्यास जागा नसेल तर मला कळवावे. पंचायत समितीत तो विषय मी काढीन.

पुढील तीन महिने प्रत्येक शाळेने पाचवीपासून वरच्या वर्गांत घरच्या सुक्या कचऱ्याची नोंद घ्यावी. ही नोंद हाती असली, तर ग्रामसभेत पट्टीचा विषय निघेल तेव्हा कोणी किती द्यावे हे अंदाजाने ठरणार नाही. मुलांनी कचरा उघड्या हाताने चिवडू नये. काच, सुया, औषधे यांना हात लावू नये. पट्टी मागण्यासाठी किंवा थकबाकीदारांची नावे वाचण्यासाठी मुलांना कोणी नेऊ लागल्यास शिक्षकांनी स्पष्ट नकार द्यावा; ते आपले काम नाही आणि मुलांचे तर नाहीच. तक्त्याचे कोरे कागद केंद्रप्रमुखांकडे दिले आहेत. त्यांत घरातील माणसे, आठवड्यात बाजार झाला की नाही, घर बंद होते काय, आणि वजन, असे चार रकाने आहेत. जे मूल रिकामी पिशवी आणील त्याच्या नावापुढे वजनाच्या रकान्यात '० ग्रॅम' असे लिहावे, आणि शेऱ्याच्या जागी काही लिहू नये.